वर गॉथिक छत आणि खाली कोरिंथियन खांब, हे ड्रॉइंग चुकलंय का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: एका प्रदर्शनाच्या फोटोंमध्ये अठराव्या शतकाच्या शेवटाकडचं एक फ्रेंच आर्किटेक्चरल ड्रॉइंग बघितलं, कॅथेड्रलचा आतला भाग, वर टोकदार कमानी आणि रिब्जचं (दगडी फासळ्यांचं) छत म्हणजे पक्कं गॉथिक, पण खाली कोरिंथियन खांब, म्हणजे शीर्षावर पानांची नक्षी असलेले ग्रीक-रोमन खांब, अर्धगोल कमानी, फुलांच्या माळा. तर या नवअभिजात (निओक्लासिकल, म्हणजे ग्रीक-रोमन वळणाचं काम करणाऱ्या) मंडळींना गॉथिक काढता येत नव्हतं का, की असं चर्च खरंच कुठे होतं?

काढता येत होतं, आणि चांगलंच येत होतं. आणि हो, असं चर्च बरेचदा खरंच होतं, कधी चार-आठ दिवसांपुरतं, कधी चांगलं शंभर-सव्वाशे वर्षं. आता सविस्तर सांगतो. मी कॉन्झर्व्हेशन आर्किटेक्ट आहे, वीस-बावीस वर्षं जुन्या इमारती मोजून त्यांची ड्रॉइंग्ज करणं आणि जुनी ड्रॉइंग्ज वाचणं हाच धंदा, त्यामुळे लांबण लागली तर सांभाळून घ्या.

पहिली गोष्ट म्हणजे "त्या काळच्या फ्रेंच लोकांना गॉथिक रानटी वाटायचं" हे जे सगळीकडे वाचायला मिळतं ते अर्धंच खरं आहे. त्यांना गॉथिकचे कपडे आवडत नव्हते, सांगाडा प्रचंड आवडायचा. नक्षी, राक्षसांची तोंडं, पानाफुलांची गर्दी, हे सगळं त्यांना विचित्र वाटायचं. पण इतक्या बारीक खांबांवर इतकं उंच दगडी छत उभं कसं राहतं, आत इतका उजेड कसा येतो, इमारत आहे त्याहून मोठी का वाटते, हे बघून ते चक्रावून जायचे. झाक-जेर्मां सुफ्लो हा पॅरिसच्या पाँतेओंचा आर्किटेक्ट, म्हणजे नवअभिजात शैलीचा अगदी पहिल्या रांगेतला माणूस, त्याने 1741 मध्ये लियोंच्या अकादमीत गॉथिक वास्तुकलेवर निबंध वाचला होता. तेव्हा तो तिशीचाही नव्हता. त्याचा मुद्दा सोपा होता. रोमचं सेंट पीटर्स प्रत्यक्षात अवाढव्य आहे पण आत गेल्यावर तेवढं वाटत नाही, आणि गॉथिक चर्चचं उलटं आहे, ती आपल्याला फसवतात, आहेत त्याहून मोठी भासतात. ही फसवणूक कशातून येते हे त्याला शोधायचं होतं, आणि ते शोधायचं तर टेप घेऊन मोजायला लागतं, नुसतं नाक मुरडून चालत नाही.

पुढे 1755 मध्ये त्याला सेंट-जनव्हिएव्ह चर्चचं काम मिळालं, तेच आजचं पाँतेओं. बाहेरून बघा, रोमन देवळाचा दर्शनी भाग, प्रचंड कोरिंथियन खांब, घुमट. गॉथिकचा मागमूस नाही. पण वरच्या भिंतीआड जाऊन बघितलं तर फ्लाइंग बट्रेस आहेत, छताचा रेटा बाहेर ढकलणाऱ्या त्या गॉथिक तिरप्या कमानी, फक्त रस्त्यावरून दिसू नयेत म्हणून लपवलेल्या. सुफ्लोचा सहकारी ब्रेबियों याने 1780 मध्ये, म्हणजे सुफ्लो गेला त्याच वर्षी, स्पष्ट लिहून ठेवलं की गॉथिक बांधकामाचा हलकेपणा आणि ग्रीक वास्तुकलेची शुद्धता या दोन्ही एकत्र आणायच्या हाच या इमारतीचा मुख्य हेतू होता. नवअभिजात डिझायनरच्या हातून आलेली गॉथिक ड्रॉइंग्ज बघताना हे एक वाक्य डोक्यात ठेवलं की निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

आणि हा वाद काही मऊ गाद्यांवर बसून झालेला नाही हं. 1770 मध्ये पिएर पात नावाच्या आर्किटेक्टने छापून टाकलं की सुफ्लोचे पिअर, म्हणजे घुमटाखालचे दगडी आधारस्तंभ, इतके सडपातळ आहेत की त्यांना घुमटाचं वजन पेलणार नाही. त्यावर पेरोने, पूल बांधणारा मोठा इंजिनिअर, सुफ्लोच्या बाजूने उतरला आणि त्याने युक्तिवाद केला तो गॉथिकचाच. म्हणाला गॉथिक बांधणाऱ्यांनी प्राण्यांच्या शरीराची नक्कल केली आहे, उंच बारीक खांब आणि रिब्ज ही हाडं, मधलं पातळ छत म्हणजे हाडांवरचं मांस. शंभर वर्षांनंतरचा कुणी लिहील असं वाटावं इतकं आधुनिक. (पात अगदीच चुकला नव्हता, पुढे पिअरना तडे गेले आणि रोंदले या आर्किटेक्टने ते जाड करून घेतले, पण ती वेगळी कथा आहे.) तर अशा वादात जी ड्रॉइंग्ज काढली जायची त्यात गॉथिक अगदी काटेकोर यायचं, कारण तिथे ते सौंदर्याचं चित्र नव्हतं, कोर्टातला पुरावा होता. दुरां या आर्किटेक्टच्या 1799 ते 1801 दरम्यान आलेल्या मोठ्या तुलनात्मक संग्रहातही जगभरच्या इमारती एकाच स्केलवर शेजारी-शेजारी मांडल्या आहेत आणि त्यात गॉथिक चर्चचाही तक्ता आहे. कुणाला तुच्छ लेखायचं असेल तर त्याला कुणी रोमन देवळांच्या पंगतीत बसवत नाही.

आता तुमच्या कोरिंथियन खांबांकडे येतो.

चर्चच्या पाद्री-मंडळाला, तिथल्या भाषेत शॅपित्र, जुनं कॅथेड्रल पाडायचं नव्हतं, त्याला पैसे कुठे होते. पण गाभाऱ्याकडचा भाग, क्वायर, जिथे मुख्य वेदी असते आणि पुजारी बसतात, तो काळाप्रमाणे दिसायला हवा होता. मग आर्किटेक्टला बोलवायचं आणि आतून अस्तर लावायचं. पॅरिसच्या नोत्र-दामचं क्वायर चौदाव्या लुईच्या हुकमावरून रोबेर द कोतने 1708 पासून बदलायला घेतलं, बापाने, तेराव्या लुईने, 1638 मध्ये केलेला नवस फेडायचा म्हणून. टोकदार कमानींवर संगमरवराचा मुलामा चढवून त्या अर्धगोल केल्या. हे अस्तर काही दोन-चार वर्षांत गेलं नाही, एकोणिसाव्या शतकात व्हिओले-ल-द्यूक या आर्किटेक्टने 1845 नंतरच्या दुरुस्तीत ते काढेपर्यंत टिकलं. म्हणजे सव्वाशे वर्षांहून जास्त काळ नोत्र-दाममध्ये जाणाऱ्या माणसाला समोर अर्धगोल कमानी दिसत होत्या आणि मान वर केली की टोकदार. डाव्हिद या चित्रकाराचं नेपोलियनच्या राज्याभिषेकाचं जे प्रचंड चित्र लूव्रमध्ये आहे, जवळजवळ 10 मीटर रुंद, ते बघून बरेच लोक म्हणतात की हे कुठलं तरी रोमन थाटाचं चर्च आहे. ते नोत्र-दामच आहे, फक्त ते वरचं अस्तर चढलेलं. आणखी एक गंमत, त्या चित्रातल्या वास्तूचा पर्स्पेक्टिव्ह मांडायला डाव्हिदने ऑपेराच्या पडद्यांचं काम करणाऱ्या देगोत्तीची मदत घेतली होती.

पॅरिसमध्ये सें-जेर्मां-लोक्सेरुआ चर्चमध्ये गेलात तर क्वायरचे खांब बघा. 1750 च्या दशकात बाकारीने ते गॉथिक खांब तासून त्यांना उभ्या पन्हाळ्या पाडल्या, शीर्षांना माळा वगैरे लावल्या, आणि आजही ते तसेच आहेत. खांब तेच, दगड तोच, कपडे दुसरे. शार्त्रला तर यापेक्षा मोठा कारभार झाला. 1763 मध्ये नेव्ह (लोक बसतात तो लांब मधला भाग) आणि क्वायरच्या मधली मध्ययुगीन दगडी पडदी पाडली, मग व्हिक्टर लुईला बोलावलं, हाच पुढे बोर्दोचं मोठं थिएटर बांधणारा, त्याने क्वायरचे खांब स्टकोने, म्हणजे गुळगुळीत नक्षीदार गिलाव्याने, मढवले, नकली संगमरवर, सोनेरी काम, आणि वेदीमागे ब्रिदांचा पांढऱ्या संगमरवरी मेरीचा स्वर्गारोहणाचा शिल्पसमूह 1773 मध्ये बसला. आत उजेड कमी पडतोय म्हणून काही रंगीत काचा काढून साध्या लावल्या. शार्त्रच्या काचा! ज्यांच्यासाठी आज लोक विमानं पकडून जातात. मला यावर राग यायला पाहिजे, व्यवसायच तो आहे, पण खरं सांगायचं तर लुईचं स्टको काम हाताने अतिशय सुंदर आहे आणि आता त्याचंही जतन करायला लागतं. आमच्या धंद्यातली ही पंचाईत, ज्याने जुनं बिघडवलं तोही अडीचशे वर्षांनी जुना होतो.

काचांचं अजून एक. नोत्र-दामच्या बऱ्याच रंगीत काचाही 1741 नंतर ल व्हिएय घराण्यातल्या काचकाम करणाऱ्यांनी उतरवून पांढऱ्या लावल्या. त्यामुळे तेव्हाच्या वॉश ड्रॉइंग्जमध्ये (पातळ शाईच्या छटांनी भरलेल्या) कॅथेड्रलच्या आतला उजेड जो सपाट, दुधाळ, सगळीकडे सारखा दिसतो तो आर्किटेक्टचा आळस नाही. आत खरंच तसा उजेड पडायला लागला होता. मंद निळा-लाल अंधार ही जी आपली गॉथिकची कल्पना आहे ना, ती पुढच्या शतकाची आवड आहे.

सुफ्लोनेही हात मारलाच. 1771 मध्ये मिरवणुकीतली छत्री दारातून आत जाईना म्हणून त्याने नोत्र-दामच्या मधल्या दाराचा मधला खांब काढला आणि वरच्या अंतिम निवाड्याच्या शिल्पपट्टाचा खालचा भाग कापला. गॉथिकचं इतकं कौतुक करणारा माणूस! पण त्याच्या हिशोबात यात विसंगती नव्हतीच. सांगाड्याला धक्का लागला नाही ना, मग शिल्प म्हणजे कापडच, हवं तेव्हा कातरा. कात्री चालवली ती मात्र तेराव्या शतकाच्या शिल्पावर.

आता तात्पुरत्या सजावटीचा प्रकार, आणि माझा अंदाज तुमचं ड्रॉइंग याच जातीतलं असावं. राजाचा अभिषेक, राजघराण्यातल्या कुणाची अंत्यविधीची प्रार्थना, विजयाची प्रार्थना, यासाठी कॅथेड्रलच्या आत लाकूड, कापड, पुठ्ठा, प्लॅस्टर यांची अख्खी दुसरी इमारत उभी करायची. आपल्याकडे गणपतीत जुन्या हॉलमध्ये राजवाड्याचा देखावा उभारतात आणि मागची भिंत कुणाला आठवतही नाही, साधारण तसं, फक्त इथे आर्किटेक्ट फ्रान्समधले पहिल्या प्रतीचे आणि खजिना राजाचा. 11 जून 1775 ला रांसच्या कॅथेड्रलमध्ये सोळाव्या लुईचा अभिषेक झाला तेव्हाचं मोरो ल जनचं चित्र बघा, कोरिंथियन खांबांच्या रांगा, बाल्कन्यांमध्ये प्रेक्षक, एखाद्या थिएटरात आल्यासारखं वाटतं. तेराव्या शतकातलं फ्रान्सचं सगळ्यात देखणं गॉथिक चर्च आणि ते दिसतच नाही.

मग 1804. पेर्सिए आणि फोंतेन. हे दोघं म्हणजे नेपोलियनकाळाच्या शैलीचे कर्तेकरविते, रोमला एकत्र शिकलेले, आयुष्यभर एकत्र काम केलेले. 2 डिसेंबरच्या अभिषेकासाठी त्यांना नोत्र-दाम मिळालं ते क्रांतीनंतर खिळखिळं झालेलं. आत त्यांनी नेव्हच्या दोन्ही बाजूंना बसायच्या गॅलऱ्या चढवल्या, रेशीम आणि मखमल लावली, त्यावर सोनेरी मधमाश्या, पश्चिमेच्या टोकाला पायऱ्यांवर सिंहासन आणि त्यावर खांब असलेली विजयकमान. सगळं रोमन. पण बाहेर, दाराशी, मात्र लाकूड-पुठ्ठ्याची जी तात्पुरती पोर्च उभारली तिची शैली गॉथिक, आणि तिच्यावर क्लोव्हिस आणि शार्लमेन यांचे पुतळे. थांबा, हे नीट बघा. खरं गॉथिक आत झाकलं आणि खोटं गॉथिक बाहेर उभं केलं. का? कारण बाहेर नेपोलियनला सांगायचं होतं की मी फ्रान्सच्या जुन्या राजांचा वारस आहे, आणि आत सांगायचं होतं की मी सीझर आहे. गॉथिक आता इतिहासाचं चिन्ह म्हणून वापरता येऊ लागलं होतं. माझ्या मते ही पोर्च म्हणजे फ्रेंच गॉथिक पुनरुज्जीवनाच्या सुरुवातीच्या खुणांपैकी एक आहे, आणि ती काढली कुणी तर ज्यांना आपण कट्टर नवअभिजात म्हणतो त्यांनीच. पेर्सिएने क्रांतीनंतर लनुआरच्या फ्रेंच स्मारकांच्या म्युझियममधली मध्ययुगीन शिल्पं आणि थडगी बसून काढलेली होती, हात त्या वळणावर फिरलेला होता. त्याच्याकडे शिकलेल्या हितोर्फने ल्क्वेंतबरोबर 1825 मध्ये रांसला दहाव्या चार्ल्सच्या अभिषेकाची सजावट केली तेव्हा गॉथिक झाकायच्या ऐवजी गॉथिकच थाटली. 1775 आणि 1825, तेच चर्च, तोच विधी, मधे 50 वर्षं. ही दोन चित्रं शेजारी ठेवून बघा, पुस्तक वाचायची गरज नाही.

आता ड्रॉइंग हातात आलं, किंवा स्क्रीनवर आलं, की मी काय बघतो ते सांगतो, कारण असे प्रश्न मला वरचेवर येतात आणि लोक नेहमी खालून वर बघतात. वरून खाली बघा. छत, रिब्ज, वरच्या खिडक्या, तिथे आर्किटेक्टला काही बदलायचं नसतं, म्हणून तिथे तो सगळ्यात प्रामाणिक असतो. नोत्र-दामच्या नेव्हचं छत सहा भागांचं आहे, म्हणजे एका चौकात रिब्जनी सहा पाकळ्या पडतात आणि एक चौक दोन कमानींवर बसतो, रांसचं चार भागांचं आहे. तेवढ्यावर निम्म्या वेळा चर्च ओळखता येतं. खालच्या मजल्यावर खोटेपणा कितीही असो, कमानींची संख्या आणि अंतर त्याला खऱ्या इमारतीवरूनच घ्यावं लागतं, नाहीतर सुताराला लाकूड कापता येणार नाही.

मग रंग. त्या काळच्या फ्रेंच ड्रॉइंगमध्ये सेक्शनमध्ये, म्हणजे इमारत उभी कापून दाखवलेल्या चित्रात, कापलेली भिंत गुलाबी भरायची पद्धत होती आणि अजून बांधायचं असलेलं काम पिवळं दाखवायची, त्यामुळे नुसत्या दोन रंगांवरून कळतं की काय आहे आणि काय व्हायचंय. सगळे हे नियम पाळायचे असं नाही, पण आधी तिकडे बघायचं. कागदाच्या मध्यभागी एक उभी रेघ असेल आणि डावा अर्धा भाग उजव्यापेक्षा वेगळा दिसत असेल तर चूक समजू नका, ते ग्राहकाला दोन पर्याय दाखवणं आहे, एकाच कागदावर, कागद महाग होता. कधी कधी वर चिकटवलेली पट्टी असते, उचलली की खाली दुसरा पर्याय. फोटोत ती पट्टी सपाट दिसते आणि माणूस फसतो, मीही फसलोय. स्केल कशात आहे ते बघा, त्वाझमध्ये की मीटरमध्ये. एक त्वाझ म्हणजे सहा फ्रेंच फूट, साधारण 1.95 मीटर. मीटर असेल तर 1790 च्या दशकाच्या आधीचं असू शकत नाही, पण त्वाझ असेल तर जुनंच असेल असं मात्र नाही, जुन्या सवयी जात नाहीत, आपल्याकडे अजून जागेचा भाव चौरस फुटात बोलतात तसं. तारीख "वर्ष 13" अशी लिहिलेली असेल तर क्रांतीचं कॅलेंडर आहे, आणि ते 1 जानेवारी 1806 ला बंद झालं, म्हणजे काम फारच सोपं झालं.

आणि कंपासची भोकं. हे सगळ्यात मजेचं. अर्धगोल कमान एका मध्यबिंदूवरून निघते, टोकदार कमानीला दोन लागतात. ड्रॉइंग तिरप्या उजेडात धरलं तर सुईची भोकं दिसतात, आणि गॉथिक कमानीची दोन भोकं व्यवस्थित जागच्या जागी असतील तर समजायचं की काढणाऱ्याने ती कमान मोजली किंवा निदान समजून घेतली, आणि नुसती हाताने टोकदार केली असेल तर त्याला ती फक्त पार्श्वभूमी म्हणून हवी होती. कॉलेजात असताना आम्ही कुलाब्याच्या अफगाण चर्चच्या कमानी मोजल्या होत्या, मी रुंदी आणि उंची घेतली आणि मध्यबिंदू खांबांच्या कडेवरच धरून झकास कमान काढली, समभुज, पुस्तकात असते तशी. सरांनी कागद बघितला आणि फक्त विचारलं, हे मोजलंस की आठवलंस? मधे कुठेही तिसरं माप घेतलंच नव्हतं. त्या दिवसापासून मी कुणाच्याही गॉथिक कमानीला लगेच चूक म्हणत नाही, आधी भोकं शोधतो.

माणसांच्या आकृत्यांवरही लक्ष ठेवा. नोत्र-दामचं छत 33 मीटरच्या आसपास आहे, म्हणजे एक माणूस म्हणजे उंचीचा साधारण विसावा भाग. ड्रॉइंगमधली माणसं त्याहून खूप लहान निघाली तर आर्किटेक्ट ग्राहकाला भव्यता विकतोय. कधी लहान-मोठी, सोयीप्रमाणे, तर समजायचं की हा कागद मंजुरीसाठी होता, सुतारासाठी नाही.

तुमच्या फोटोबद्दल नक्की सांगायचं तर मला दोन गोष्टी लागतील. मागची बाजू, कारण मागे बऱ्याचदा हिशेब, सही, जुन्या संग्रहाचा शिक्का असतो, आणि कागद उजेडासमोर धरून काढलेला एक फोटो, वॉटरमार्क आणि जाळीच्या रेषा दिसतील असा. जाळीच्या रेषा नसलेला गुळगुळीत कागद फ्रान्समध्ये 1770 च्या दशकाच्या शेवटाशेवटाला बनायला लागला, त्यामुळे तसा निघाला तर रांस 1775 तिथेच बाद होईल आणि मग आपण 1804 च्या बाजूने शोधायला लागू. प्रदर्शनवाले उलटी बाजू दाखवत नाहीत, पण संग्रहालयाला ईमेल केला तर बरेचदा पाठवतात, विचारून बघा.